व्यायामाची साथसंगत

इतिहासाच्या अध्यापकास लोक सहसा होऊन गेलेल्या गोष्टींविषयी विचारतात. बाजारातील चालू मालाविषयी त्याचा सल्ला कोणी घेत नाही, आणि ते योग्यच आहे. तथापि मागील पावसाळ्यात, डॉक्टरांच्या आज्ञेवरून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी ज्या जिममध्ये जाऊ लागलो होतो, त्या सांगलीच्या विश्रामबाग भागातील जिममध्ये आमच्याच महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने हातातील वजने खाली ठेवून मला विचारले, "सर, व्यायामाला दीड हजाराच्या आत हेडफोन घ्यायचा आहे. तुम्ही वर्षभर वापरताय. कोणता घेऊ?"

मला त्यास लगेच उत्तर देता आले नाही. ज्या वस्तूविषयी तो विचारीत होता तिने माझ्या डाव्या कानाचे काय केले होते, हे मी तोवर घरीसुद्धा धडपणे सांगितले नव्हते. शिवाय त्याचा प्रश्न ऐकताच माझ्या मनात एक निराळाच प्रश्न उभा राहिला. ह्या कृष्णाकाठच्या मुलखात शरीर कमावण्याची चाल इतकी जुनी. तर येथील माणसे व्यायाम करताना ऐकत तरी काय होती?

समर्थांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, उंब्रज, मसूर व शहापूर येथील मारुती आज सातारा जिल्ह्यात येतात. बहे व शिराळा येथील सांगली जिल्ह्यात. गावोगावच्या तालमीही मारुतीच्याच आश्रयाने उभ्या राहिल्या. परंतु ह्या तालमींत वाद्य नसे. पहाटेच्या अंधारात हौद्यातील लाल मातीवर जोर-बैठका चालत, त्यांचा नाद म्हणजे पैलवानाचा स्वतःचा श्वास, जोडीदाराने मोजलेले आकडे, मांडीवर पडलेला शड्डू आणि मधूनच उठणारा वस्तादाचा शब्द. श्वास केव्हा तुटला हे वस्तादास दुरूनही कानाने कळे. तालमीतील शांतता ही उणीव नसून शिक्षणाचे साधन होती, असे म्हणावयास हरकत नाही.

वाद्य वाजे ते मैदानावर. कुंडलचे मैदान ज्यांनी पाहिले आहे त्यांस हलगी म्हणजे काय हे सांगावयास नको. इतरांसाठी चार शब्द लिहितो. लहानशा गोल कड्यावर चामडे ताणून केलेले हे वाद्य विस्तवावर शेकून तापविले की त्याचा आवाज कडक होतो, आणि मग दोन काड्यांच्या आघातांतून तो गर्दीला चिरीत पलीकडच्या बांधापर्यंत जातो. जोडीला घुमके आणि कैताळ. पैलवान आखाड्यात उतरून सलामी देतात तेव्हा हलगीची चाल संथ असते. हात मिळतात, खडाखडी सुरू होते, तशी ती चढू लागते. एखाद्याने पट काढला की काड्या दिसेनाशा होतात. कुस्ती रेंगाळली तर हलगीही रेंगाळते, किंबहुना तीच पैलवानांस टोचू लागते. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, हलगीवाल्याची नजर सर्व वेळ कुस्तीवर असते. तो लय बरोबर घेऊन येत नाही. समोरच्या दोन देहांतून ती उचलतो आणि वाढवून त्यांनाच परत देतो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, ज्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले, आणि कवठेपिरानचे मारुती माने, ज्यांनी १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत सुवर्णपदक व पुढे १९६४ साली हिंदकेसरीचा मान मिळविला, हे ह्याच मुलखाचे मल्ल होत. त्यांची नावे कमानींवर आहेत. हलगीवाल्याचे नाव मात्र कोठल्याही कमानीवर मी वाचलेले नाही. हे वाद्य परंपरेने मुख्यतः मातंग समाजातील वादकांच्या हाती राहिले. ज्यांच्या ठेक्यावर साऱ्या गावाचे रक्त उसळे त्यांस त्याच गावाने वेशीबाहेर ठेविले, ही गोष्ट आमच्या मल्लविद्येच्या गौरवपर ग्रंथांतून सहसा आढळत नाही. इतिहासलेखकाने तरी ती गाळू नये.

कुंडल त्या काळी औंध संस्थानात होते, आणि औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे व्यायामाच्या नादाविषयी अगदी वेगळ्या मताचे गृहस्थ. त्यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानिले, संस्थानच्या शाळांतून ते घातले आणि त्यावर मराठीप्रमाणे इंग्रजीतही लिहिले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक नमस्काराआधी बीजमंत्र व सूर्याचे एक नाव मोठ्याने उच्चारावयाचे असे. ह्या उच्चारांमुळे छाती, कंठ व पोटातील इंद्रिये ह्यांसही व्यायाम घडतो, अशी त्यांची श्रद्धा. तिच्या शास्त्रीयतेविषयी मतभेद असोत. मला त्यातील व्यवस्था मोठी आवडते. जो नमस्कार घालतो तोच गाणारा. दम लागला की मंत्र आपोआप थांबतो, आणि मंत्र थांबला की नमस्कारही थांबतो. म्हणजे एकाच संस्थानात कुंडलास साथ दुसऱ्याच्या हातात होती आणि औंधास ती स्वतःच्या कंठात होती.

तिसरे उदाहरण अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांचे. त्यांनी १८८० साली ग्रेट इंडियन सर्कस काढिली हे पुष्कळांस ठाऊक असते. हे अश्वविद्यानिपुण गृहस्थ ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे गानशिष्यही होते, आणि हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ ह्यांचा त्यांनी पुढे सांभाळ केला, ही गोष्ट मात्र त्या मानाने कमी जणांस माहीत असते. सर्कशीत बँड वाजतो आणि घोडा त्यावर नाचतो असे प्रेक्षकांस वाटते. धंद्यातली गोष्ट उलट आहे. बँडमास्तर घोड्याच्या पावलांकडे पाहत असतो आणि पाऊल बदलले की लय बदलतो.

अर्थात लयीमागे देह धावतो हेही खोटे नाही. अमेरिकेत लिओनार्ड एअर्स ह्यांनी १९११ साली सहा दिवसांच्या सायकल-शर्यतीवर एक टिपण प्रसिद्ध केले. बँड वाजू लागला की स्वारांचा वेग वाढतो आणि तो थांबला की मंदावतो, असे त्यांनी मोजून दाखविले. आज जिममध्ये पट्ट्यावर धावणारा प्रत्येक तरुण ह्याच नियमाचा लाभ घेत असतो. फरक इतकाच की, त्याचा बँड त्याच्याकडे पाहत नाही.

हा न पाहणारा बँड कानापर्यंत आला तो कसा, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील यूटा प्रांताच्या नॅथॅनियल बाल्डविन ह्यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरात बनविलेले हेडफोन अमेरिकन आरमाराने १९१० साली विकत घेतले. ते तारायंत्रावरील शिपायांसाठी होते, गाण्यासाठी नव्हे. गाण्यासाठी दोन्ही कानांचा हेडफोन जॉन कॉस ह्यांनी १९५८ साली आणिला. आणि १९७९ च्या जुलैत सोनी कंपनीचा वॉकमन आला तेव्हा माणूस चालता-धावता एकट्याने ऐकू लागला. ह्या पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावण्याची सोय होती. एक नारिंगी कळ दाबली की गाणे खाली जाई आणि दोघांस एकमेकांशी बोलता येई. एकट्याने ऐकणे हे असभ्यपणाचे दिसेल, अशी कंपनीचे प्रमुख आकिओ मोरिता ह्यांस शंका होती. गिऱ्हाइकांस तशी शंका आली नाही, आणि पुढच्या नमुन्यांतून ती कळ गेली. त्यानंतर तारही गेली, आणि आज सांगलीच्या हरभट रोडवर हजार-बाराशे रुपयांत दोन शेंगदाण्यांएवढे तुकडे डबीत घालून मिळतात.

असेच एक स्वस्त जोड मीही घेतले होते. कानाच्या तोंडाशी नुसते टेकून बसणारे, आत न शिरणारे. जिमच्या दालनात मालकाचा लाऊडस्पीकर अहोरात्र गर्जत असतो. त्यातून माझे भीमपलास ऐकू येईना, म्हणून मी आवाज वाढवीत गेलो. रोज तासभर, आठवड्यातून सहा दिवस. दहाव्या महिन्यात मिरजेस ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेस गेलो. तानपुरे जुळत होते. जवारीचा धागा सरकवून वादकाने षड्ज मोकळा केला, आणि त्या षड्जाच्या वर, फार वर, मला आणखी एक बारीक शिट्टी ऐकू आली. मी शेजाऱ्यास विचारले. त्यास ती ऐकू येत नव्हती. घरी आल्यावरही ती थांबली नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी कानाचा आलेख काढिला. चार हजार हर्ट्झच्या सुमारास डाव्या कानाची रेषा खड्ड्यात गेली होती. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानाची ती नेहमीची खूण, असे ते म्हणाले, आणि हेही म्हणाले की तो खड्डा भरून येत नसतो.

हे मिरजेस घडावे ह्याचे मला अधिक वाईट वाटले. शस्त्रांस धार लावणाऱ्या शिकलगारांनी जेथे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, आणि जेथील सतार-तानपुऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते हे गाव. शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, ह्यांनी तारेची लांबी मोजून बावीस श्रुतींचा हिशेब मांडिला आणि १९१० साली, म्हणजे बाल्डविनचे हेडफोन आरमारात रुजू झाले त्याच वर्षी, त्यावर इंग्रजीत पुस्तक काढिले. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमेंट्स त्यांच्या मागोमाग त्याच नादाला लागले. सातारा-सांगलीच्या ह्या दोन सरकारी अधिकाऱ्यांनी केसाएवढ्या स्वरभेदासाठी वर्षे वेचिली. मी तो भेद ओळखणारा एक कान दहा महिन्यांत, आणि आठशे रुपयांत, गमाविला.

तेव्हा विद्यार्थ्यास मी जे सांगितले ते असे. पहिली गोष्ट आवाजाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास सोसतो. ९० डेसिबलचा अवघा ४ तास. दर तीन डेसिबलांस मुदत निम्मी होते. म्हणून गोंगाटाच्या दालनात मी घेतला तसा उघडा हेडफोन घेऊ नये. मऊ रबरी टोपीचा, कानात नीट बसून बाहेरचा आवाज अडविणारा घ्यावा, म्हणजे आतील आवाज खाली ठेविता येतो. डबीत तीन मापांच्या टोप्या येतात, त्या तिन्ही घालून पाहाव्या. दोन्ही कानांचे माप एकच असते असे नाही. टोपी घट्ट बसली की धावताना स्वतःचे पाऊल आणि श्वास डोक्यात घुमू लागतो. पुष्कळांस तो दोष वाटतो. मला त्यात तालमीची थोडी आठवण येते.

रस्त्यावर धावणाऱ्याची गोष्ट याच्या उलट. साताऱ्यास २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या वाटेवर जी डोंगरी अर्धमॅरेथॉन होते तिच्या सरावासाठी मुले पहाटे त्याच घाटात धावतात, आणि वळणामागून येणारी गाडी डोळ्यांच्या आधी कानास कळते. तेथे कान बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ. कानापुढील हाडावर टेकणारा, किंवा कानाचे भोक मोकळे ठेवणारा हेडफोन तेथे ठीक; नाहीतर एकच कान वापरावा. अमेरिकेच्या धावण्याच्या संघटनेने २००७ साली शर्यतींत हेडफोनवर बंदीच घातली होती. पुढच्या वर्षी ती सैल झाली, कारण लोक ऐकेनात.

दुसरी गोष्ट घामाची. डबीवर आयपीएक्स आणि पुढे आकडा असतो. व्यायामास निदान ४ चा हवा, म्हणजे कोणत्याही बाजूने उडालेले पाणी सोसते. ७ चा अर्थ पाण्यात बुडूनही अर्धा तास टिकणे. परंतु हे आकडे साध्या पाण्याचे, घाम खारट. व्यायाम झाल्यावर पुसल्याशिवाय डबीत ठेविले की विजेची टोके गंजतात आणि सहा महिन्यांत एक कान मुका होतो. हमीपत्रात घामाने झालेला बिघाड बसतो की नाही, ते दुकानातच वाचून घ्यावे. जोर मारताना, उताणे निजून वजन उचलताना तुकडा निसटतो. त्यास कानामागे अडकणारा आकडा बरा, नाहीतर गळ्यात राहणारा जोडपट्टा. पन्नास तास चालतो असे जे लिहितात त्यात डबीतील वीज धरलेली असते, हेही मी त्यास सांगितले. त्यास ते आधीच ठाऊक होते.

आवाजाच्या गुणाविषयी मी एक स्वतःचीच कसोटी सुचविली. स्वस्त हेडफोनात खर्ज फुगविलेला असतो. दुकानात दोन मिनिटे तो भारदस्त वाटतो, पण त्यात वरचे सूर बुडतात आणि ते शोधण्यासाठी माणूस आवाज वाढवितो. म्हणून दुकानात एकदा तानपुरा लावून पाहावा आणि एकदा हलगी. तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येत नसेल, हलगीचा ठोका ढोलासारखा गबाळ होत असेल, तर तो हेडफोन कितीही सवलतीत मिळो, परत ठेवावा.

त्याने तीन दुकाने फिरून, तानपुरा व हलगी लावून, अकराशे पन्नास रुपयांचा एक जोड घेतला. दुकानदार हसले म्हणे. आवाज तो अर्ध्याच्या खाली ठेवितो, निदान मी समोर असतो तेव्हा. आम्ही दोघांनी मिळून लाऊडस्पीकर कमी करण्याविषयी मालकास अर्ज दिला, त्यावर सतराजणांनी सह्या केल्या, आणि दोन आठवडे तो कमी होताही.

मी सध्या पहाटे आमराईत चालतो, कानात काही न घालता. शिट्टी असतेच. देवलांचे स्मरण करून तिचा सूर कोणता, तो एके दिवशी घरच्या पेटीवर शोधून पाहिला. पेटीच्या शेवटच्या पट्टीपलीकडे कोठेतरी तो आहे.