वक्फचा गाळा आणि डाउनिंग स्ट्रीट



परवा इथल्या फ्लॅटचे कागद बघताना वकील म्हणाला, लीज ९९ वर्षांचा आहे. मला एकदम पुण्याचा मामा आठवला. त्याचं दुकान आजोबांपासून वक्फच्या गाळ्यात. जुन्या मुतवल्लीने पागडी घेऊन "कायमचं तुमचंच" असं लिहून दिलेलं. पुढच्याने भाडं घेणं बंद केलं आणि नोटीस धाडली. मामाचा प्रश्न सरळ आहे : मग घेतलेले पैसे कसले?

याचं उत्तर लंडनमध्ये, माझ्या ऑफिसपासून पंधरा मिनिटांवर डाउनिंग स्ट्रीटला, १९२१ साली दिलं गेलं. तेव्हा आपल्याकडची शेवटची अपिलं प्रिव्ही कौन्सिलकडे यायची. (१९४९ मध्ये ते थांबलं.) दावा होता विद्या वरुथी तीर्थ विरुद्ध बालुसामी अय्यर, मद्रास इलाख्यातून आलेला, एका मठाचा. महंताने मठाची जमीन कायम पट्ट्याने दिली होती. निकाल लिहिला सय्यद अमीर अलींनी, तिथे न्यायासनावर बसलेले पहिले भारतीय. गंमत म्हणजे हिंदू मठाच्या खटल्यात त्यांनी मुतवल्लीलाही त्याच रांगेत बसवलं. महंत काय, मुतवल्ली काय, इंग्रजी अर्थाने ट्रस्टी नव्हेतच, नुसते व्यवस्थापक. खरी गरज नसताना दिलेला पट्टा त्यांच्या हयातीपुरताच.

म्हणजे मामाचा कागद पहिल्यापासूनच लंगडा. मुस्लिम कायद्याचा जुना नियम तर आणखी कडक आहे : काझीच्या परवानगीशिवाय शेतजमीन तीन वर्षं, बाकी मालमत्ता एकच वर्ष भाड्याने देता येते.

मग ताबा परत मागायला मुदत किती? १९२९ च्या दुरुस्तीने सांगितलं, पट्टा देणारा वारला किंवा पदावरून गेला की १२ वर्षं. १९९५ च्या वक्फ कायद्याने ही अट उडवली, २०२५ च्या दुरुस्तीने मुदतीचा कायदा परत लागू केला. आणि कोर्ट कुठलं? २०१० मध्ये रमेश गोबिंदराम प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं, भाडेकरूला काढायचा दावा दिवाणी कोर्टात. २०१३ च्या दुरुस्तीने तो वक्फ ट्रिब्युनलकडे दिला. मामाची निम्मी वर्षं यातच गेली.

मला अमीर अलींचं पटतं. देवाच्या नावे ठेवलेलं एका माणसाने पागडी घेऊन विकू नये. शिवाय मामा देतो ते भाडं आज चहाच्या बिलाएवढं आहे, हेही खरं. पण पागडी ज्याने खाल्ली तो कधीच गेला, आणि कोर्टाच्या पायऱ्या मामा चढतोय.

दर महिन्याला तो भाड्याचा चेक पाठवतो. चेक परत येतो. ती पाकिटं त्याने तारीखवार लावून ठेवली आहेत.