परवाना परका, वैमानिक आपला

कोपरगाव तालुक्यातील काकडी गावाजवळच्या शिर्डी विमानतळाचे उद्घाटन 1 ऑक्टोबर 2017 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झाले आणि नगर जिल्हा प्रवासी विमानांच्या नकाशावर आला. तिथे उतरणाऱ्या प्रत्येक भारतीय विमानावर नोंदणीची सुरुवातीची दोन अक्षरे असतात, व्हीटी. ब्रिटिश अमदानीत मिळालेली ही खूण आपण अजून बदललेली नाही. वैमानिकाच्या परवान्याचे सारे कायदेशास्त्र या दोन अक्षरांना बांधलेले आहे, कारण परवाना आकाशाचा नसतो, विमानाच्या नोंदणीचा असतो. राहात्याच्या किंवा संगमनेरच्या एखाद्या तरुणाने अमेरिकेत उड्डाण शिकून तिथला व्यावसायिक परवाना मिळवला, तरी तेवढ्यावर त्याला व्हीटी अक्षरांचे विमान चालवता येत नाही. आधी तो परवाना भारतीय करून घ्यावा लागतो. याला आपण सरकारी खाक्या म्हणतो. पण हा नियम दिल्लीच्या एखाद्या कचेरीत जन्मलेला नाही. त्याचे मूळ एका शतकामागे जाते, आणि वाटेत ते नगरच्या भुईकोट किल्ल्याजवळूनही जाते.

सुरुवातीला तर भारतीयाला परका परवाना घेण्यावाचून गत्यंतरच नव्हते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर इंग्लंडमध्ये उड्डाण शिकले, ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले आणि जून 1918 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर विमान पाडले गेल्यानंतर मृत्यू पावले. भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना जे. आर. डी. टाटांचा. त्यावरची तारीख 10 फेब्रुवारी 1929 आणि क्रमांक एक. म्हणजे वेलिणकरांच्या मृत्यूनंतर परवाना मायदेशी मिळण्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

या दोन घटनांच्या मध्ये 1919 चा पॅरिस करार येतो. प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर सार्वभौमत्व असते, हे त्यात प्रथमच जगाने लेखी मान्य केले. त्याच करारात परवान्याची दोन सूत्रे ठरली. विमान ज्या देशाचे, त्या देशाने वैमानिकाला परवाना द्यावा किंवा त्याचा परवाना वैध ठरवावा, आणि तो इतरांनी मानावा. परंतु आपल्याच नागरिकाला दुसऱ्या देशाने परवाना दिला असेल, तर आपल्या हद्दीतील उड्डाणापुरता तो नाकारण्याचा हक्क प्रत्येक देशाला राहील.

हेच सूत्र पुढे शिकागोत कायम झाले. 7 डिसेंबर 1944 रोजी 52 देशांनी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या करारावर सह्या केल्या. भारताच्या वतीने गिरिजा शंकर बाजपेयी यांनी सही केली. ते अर्थातच ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी होते. त्या दिवशी पुढे देश चालवणारे नेहरू, पटेल आणि आझाद नगरच्या किल्ल्यात बंदिवान होते. भारताचा आपल्या आकाशावरचा हक्क जगाने लेखी मान्य केला, तेव्हा त्याच भारताच्या नेत्यांना किल्ल्याचा दरवाजाही ओलांडता येत नव्हता. पण कहाणी इथे थांबत नाही. भारताने या कराराला मान्यता दिली ती 1 मार्च 1947 रोजी, आणि तेव्हा हंगामी सरकारचे नेतृत्व नेहरूंकडे होते. म्हणून हा नियम केवळ इंग्रजांनी लादलेला म्हणता येत नाही. तो आपण डोळे उघडे ठेवून स्वीकारला.

या कराराची 32 आणि 33 ही कलमे एकत्र वाचली की एक विसंगती दिसते. जर्मन विमान घेऊन आलेल्या जर्मन वैमानिकाचा परवाना किमान दर्जा पाळणारा असेल, तर भारताला तो मानावा लागतो. नाकारण्याचा राखीव हक्क आहे तो आपल्याच माणसाबाबत. भारतीय कंपन्यांनी नेमलेल्या अनुभवी परदेशी वैमानिकांसाठीही ठरावीक मुदतीच्या तात्पुरत्या परवानगीची वेगळी तरतूद आपल्याकडे आहे. घरच्या मुलाला मात्र परीक्षेला बसावे लागते.

तो काय काय करतो? ज्या देशाने परवाना दिला त्या देशाकडून त्याची खातरजमा होते. प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी होते. व्यावसायिक परवान्यासाठी किमान 200 तासांचे उड्डाण नोंदवहीत दाखवावे लागते. हवाई नियम, दिशादर्शन आणि हवामानशास्त्र यांची लेखी परीक्षा असते. रेडिओ वापरण्याचा परवाना वेगळा. तो पूर्वी दूरसंचार खाते देत असे. 1934 च्या कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला, आणि हे काम नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडे आले. एका माणसाने दोन खात्यांचे उंबरे झिजवणे त्यामुळे संपायला हवे.

या तपासणीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ॲरिझोनाच्या कोरड्या, निरभ्र हवेत शिकलेल्याला सह्याद्रीवरचा जुलैचा पाऊस ठाऊक नसतो, आणि आपले हवाई नियम तर त्याने वाचलेच पाहिजेत. मागे दोनशे प्रवासी बसलेले असताना दया हा निकष चालत नाही. पण परका परवाना तेवढा संशयास्पद आणि घरचा तेवढा विश्वासार्ह, हे गृहीतक टिकत नाही. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांच्या आधारे परवाने मिळवणारे वैमानिक पकडले गेले, तेव्हा त्या गुणपत्रिका आपल्याच परीक्षांच्या होत्या.

कलम नीट वाचले तर ते नाकारण्याचा हक्क देते, नाकारण्याची सक्ती करत नाही. 1919 मध्ये हा हक्क राष्ट्रांनी एकमेकांच्या धास्तीने राखून ठेवला होता. आज कर्ज काढून मुलाला परदेशी शिकायला पाठवणाऱ्या घराला त्याची किंमत महिन्यांमध्ये आणि हप्त्यांमध्ये मोजावी लागते. जे इथले आहे, म्हणजे हवा, डोंगर आणि नियम, त्याची परीक्षा कसून घ्यावी. जे दुसरीकडे नीट तपासले गेले आहे, त्याची खातरजमा करावी आणि ती वेळेत करावी. सार्वभौमत्व नकारात जसे दिसते, तसेच ते विचारपूर्वक दिलेल्या होकारातही दिसते.