चिप विकली, किल्ली राखली

सांगलीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात पाच-सहा टॅब्लेट एकावर एक रचून ठेवलेले पाहिले, तिथून या लेखाची सुरुवात झाली. मी गेलो होतो माझा स्कॅनर दाखवायला. मोडी कागदांच्या प्रती काढून काढून तो बिचारा थकला होता. टॅब्लेटवर धुळीचा थर होता, पण एकाचीही काच फुटलेली नव्हती. "बिघडलेत का हे?" मी विचारलं. दुकानातला पोरगा म्हणाला, "नाही हो काका. बॅटरी धरते, टच चालतो. पण नवीन सिस्टिम टाकली की पडद्यावर नीट काही उमटत नाही. ड्रायव्हरच मिळत नाही. जाणार भंगारात."

यंत्र धडधाकट, पण त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं हे सांगणारा कुणी उरलेला नाही, म्हणून ते भंगारात. मोडी लिपीच्या नादात वीसेक वर्षं घालवलेल्या माणसाला ही गोष्ट तिथंच सोडून घरी येणं जमलं नाही. संगणकशास्त्राचं रीतसर शिक्षण मला नाही. पुढं जे लिहितो आहे ते वाचून, जाणत्यांना विचारून आणि बऱ्याचदा चुकून समजलेलं आहे.

आधी दुभाष्याची ओळख. पडद्यावर चित्र उमटवायचं तर प्रोग्रॅम म्हणतो, इथं एक त्रिकोण काढ, त्यावर हा रंग दे. हे सांगण्याची ठरलेली शब्दावली म्हणजे एपीआय. १९९२ साली अमेरिकेतल्या सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीनं ओपनजीएल नावाची अशी एक शब्दावली जाहीर केली. ती कोणत्याही एका चिपची नव्हती, आणि तेच तिचं बळ. पण चिपला ओपनजीएल कळत नाही. तिला कळतात फक्त तिच्या स्वतःच्या आज्ञा, आकड्यांच्या रूपातल्या. मधे उभा राहून भाषांतर करतो तो ड्रायव्हर. प्रोग्रॅम कितीही चांगला असो आणि चिप कितीही ताकदीची, दुभाषी अर्धवट असेल तर संभाषणही अर्धवटच होणार.

मोबाइलसाठी ही शब्दावली फार अवजड होती. म्हणून ख्रोनोस या कंपन्यांच्या संयुक्त संस्थेनं २००३ साली तिची छाटलेली आवृत्ती आणली, ओपनजीएल ईएस. तेव्हाच्या फोनमधल्या बहुतेक प्रोसेसरना अपूर्णांकांचं गणित करणारं वेगळं अंगच नसे. म्हणून पूर्णांकांच्या आधारानं अपूर्णांक चालवून घेण्याची सोय त्यात मुद्दाम ठेवली होती. गरिबाच्या संसारातली ही काटकसर मला फार आवडली. २००७ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीनं मात्र जुनी पद्धत टाकूनच दिली. रंग-प्रकाशाचं गणित आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं छोट्या छोट्या प्रोग्रॅमांतून, म्हणजे शेडरमधून, सांगायचं. परिणामी ड्रायव्हरमध्ये अख्खा कंपायलर येऊन बसला. दुभाष्याला आता एकेका वाक्याचं नव्हे, ग्रंथांचं भाषांतर करावं लागू लागलं.

या गोष्टीचं मुख्य पात्र इंग्लंडमधलं आहे. हर्टफर्डशरमधल्या किंग्ज लँग्ली गावी इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज ही कंपनी आहे. १९९९ पर्यंत तिचं नाव व्हिडिओलॉजिक होतं. (पुण्यातही तिचं कार्यालय आहे.) तिच्या पॉवरव्हीआर चिपची युक्ती सांगण्यासारखी आहे. साधी ग्राफिक्स चिप समोर येईल ते रंगवत जाते. आधी डोंगर रंगवते, मग त्यावर वाडा, मग वाड्यापुढचं झाड. झाकल्या गेलेल्या डोंगराचा रंग फुकट गेला. पॉवरव्हीआर पडद्याचे छोटे छोटे चौकोन पाडते, प्रत्येक चौकोनात अखेरीस काय दिसणार आहे ते आधी ठरवते आणि तेवढंच रंगवते. एका चौकोनाचं काम चिपच्या आतल्या छोट्या स्मृतीत उरकतं, त्यामुळं बाहेरच्या मेमरीकडं हेलपाटे कमी आणि बॅटरीचा खर्चही कमी. १९९८ साली जपानमध्ये निघालेल्या सेगाच्या ड्रीमकास्ट या खेळयंत्रात ही चिप होती, आणि २००७ च्या पहिल्या आयफोनमध्येही याच घराण्यातली.

पण इमॅजिनेशन स्वतः चिप बनवून विकत नसे. ती आराखडा विकायची. घेणारा तो आपल्या मोठ्या चिपमध्ये बसवायचा आणि ड्रायव्हरचा मूळ मजकूर कराराच्या कुलपात मिळवायचा. वापरावा, पण दाखवू नये. वाडा भाड्यानं द्यावा आणि एक खोली कायम कुलूपबंद ठेवावी, तसला हा प्रकार. त्या खोलीत नेमकं काय जपलं जात होतं? धंद्याचं गुपित, हे उघड उत्तर. माझ्या मते पेटंटच्या खटल्यांची भीतीही त्यात असावी. दुसऱ्याच्या कल्पनेशी आपलं काही जुळतं का, हे उघड्या ड्रायव्हरमध्ये कुणीही तपासू शकतो.

या व्यवस्थेचा फटका किती दूरवर बसतो, हे इंटेलच्या उदाहरणानं दिसलं. लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये इंटेलच्या ग्राफिक्सचं नाव चांगलं होतं, कारण त्यांचे ड्रायव्हर खुले असत. २००८ च्या एप्रिलमध्ये इंटेलनं छोट्या यंत्रांसाठी ॲटम प्रोसेसर आणला आणि त्याच्या जोडीला एक चिपसेट दिला. त्याचं आतलं नाव पोल्सबो, वॉशिंग्टन राज्यातल्या एका गावावरून. त्यातल्या ग्राफिक्सला नाव दिलं जीएमए ५००. नाव इंटेलच्या घरचं, आराखडा मात्र पॉवरव्हीआरचा. सोनीचा व्हायो पी, नोकियाचा बुकलेट थ्रीजी, डेलचा मिनी १२ अशा कितीतरी यंत्रांत तो बसला. इंटेलवर विश्वास ठेवून घेणाऱ्यांना मग कळलं, की या चिपचा लिनक्स ड्रायव्हर बंद पेटीतला आहे.

लिनक्सच्या गाभ्यातल्या अंतर्गत जोडण्या सतत बदलत असतात. खुला ड्रायव्हर गाभ्याबरोबरच वाढतो. जोडणी बदलणारा माणूसच त्यातही दुरुस्ती करून टाकतो. बंद ड्रायव्हर ज्या आवृत्तीसाठी बांधला तिथंच गोठून राहतो. म्हणजे मालकानं एक तर जुन्या, असुरक्षित आवृत्तीवर बसून राहायचं किंवा चित्राचा वेग सोडून द्यायचा. २०११ साली ॲलन कॉक्स या नामवंत प्रोग्रॅमरनं (ते तेव्हा इंटेलमध्येच होते) एक खुला ड्रायव्हर गाभ्यात आणला, आणि २०१२ च्या ३.३ आवृत्तीत त्याला पक्की जागा मिळाली. त्यानं पडदा नीट उजळला. त्रिमितीचं अंग मात्र बंदच राहिलं. ज्या कंपनीच्या नावानं चिप विकली जात होती, तिच्याच पगारावरच्या माणसालाही ती खोली उघडता आली नाही.

खुल्या-बंदच्या या वादाशी विंडोजवाल्यांचा काय संबंध, असं मला आधी वाटे. संबंध निघाला. २०११ च्या अखेरीस आलेल्या सीडर ट्रेल ॲटममध्ये पॉवरव्हीआरचीच पुढची चिप होती. तिची क्षमता डायरेक्टएक्स १०.१ पर्यंतची, ड्रायव्हर मिळाला तो ९ पुरता. चौसष्ट बिटांच्या विंडोजसाठी तर तो आलाच नाही, प्रोसेसर स्वतः चौसष्ट बिटांचा असूनही. २०१२ च्या क्लोव्हर ट्रेल टॅब्लेटची कथा त्याहून बोलकी आहे. ते विंडोज ८ घेऊन आले, पुढं विंडोज १० वर गेले. २०१७ साली विंडोजची मोठी सुधारणा आली आणि या यंत्रांवर ती बसेना. ग्राफिक्सला लागणारा नवा ड्रायव्हर येणार नव्हता. शेवटी मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की या यंत्रांना नवी सुधारणा मिळणार नाही, जुन्याच आवृत्तीवर सुरक्षेच्या दुरुस्त्या जानेवारी २०२३ पर्यंत देऊ. जगातली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनीही दुभाष्यावाचून अडली.

आता कुलूप उघडणाऱ्यांची गोष्ट, जी मला सर्वांत जवळची वाटते. ब्रिटनमधल्या आर्म कंपनीनं २००६ साली नॉर्वेतल्या त्रोनहाइमची फालांक्स ही छोटी कंपनी घेतली. तिच्या चिपचं नाव माली. स्वस्त फोन-टॅब्लेटमध्ये ती भरभरून गेली, ड्रायव्हर बंदच. २०१२ साली ल्यूक व्हेर्हाखेन यांनी ब्रसेल्सच्या फॉसडेम संमेलनात लिमा या खुल्या ड्रायव्हरचं काम मांडलं. क्वालकॉमच्या ॲड्रिनो चिपसाठी रॉब क्लार्क यांनी फ्रीड्रिनो सुरू केलं. (ॲड्रिनो म्हणजे रेडिऑनची रोमन अक्षरं उलटसुलट केलेली. ही शाखा मुळात एएमडीची. २००९ साली क्वालकॉमनं साडेसहा कोटी डॉलरला घेतली.)

यांची रीत वाचताना मी मोठ्यानं हसलो, कारण ती माझ्या ओळखीची होती. बंद ड्रायव्हरला एक अगदी साधं चित्र काढायला लावायचं, एकच त्रिकोण. तो चिपला जे आकडे पाठवतो ते टिपून घ्यायचे. मग त्रिकोणाचा फक्त रंग बदलायचा, पुन्हा टिपायचे. कुठला आकडा बदलला? तिथं रंग राहतो. पुढं एक कोपरा सरकवायचा, पुन्हा टिपायचे. अशा शेकडो नोंदींतून चिपची बाराखडी हाती लागते. मोडी शिकताना मीही हेच केलं. मायन्यात "श्रीमंत" कुठं येणार हे ठाऊक असायचं. त्या जागची वळणं धरून पुढचं अक्षर ओळखायचो.

शेडरची भाषा उलगडणं याहून कितीतरी कठीण. लिमासाठी त्यात हात घातलेल्यांपैकी कॉनर ॲबट हा तेव्हा शाळकरी वयाचा मुलगा होता. व्हेर्हाखेन यांचं काम पुढं मंदावलं, काही वर्षं पडून राहिलं, मग इतरांनी उचललं. माली घराण्यातल्या पुढच्या चिपांसाठी अलिसा रोझेनझ्वाइग या तरुणीनं पॅनफ्रॉस्टचं काम पुढं नेलं. २०१९ साली ५.२ आवृत्तीत लिमा आणि पॅनफ्रॉस्ट दोन्ही लिनक्सच्या गाभ्यात शिरले. पहिल्या सादरीकरणापासून सात वर्षं. एवढ्या काळात त्या चिपवाले फोन दोनदा बदलून झाले असतील.

आणि किंग्ज लँग्ली? २०१७ च्या एप्रिलमध्ये ॲपल आपले आराखडे यापुढं वापरणार नाही, हे इमॅजिनेशनला जाहीर करावं लागलं. शेअर कोसळला आणि त्याच वर्षी कंपनी कॅनियन ब्रिज या गुंतवणूकदार कंपनीला ५५ कोटी पौंडांना विकली गेली. २०२२ साली याच इमॅजिनेशननं व्हल्कन या नव्या एपीआयसाठी खुला ड्रायव्हर स्वतः प्रकाशित केला, आणि २०२४ च्या ६.८ आवृत्तीत त्याचा गाभ्यातला भाग आला. उपरती म्हणावी की गिऱ्हाइकांची गरज? मी दुसऱ्या बाजूचा. पण हा ड्रायव्हर रोग या पिढीपासून पुढच्या चिपांसाठी आहे. पोल्सबो आणि क्लोव्हर ट्रेलमधली पिढी त्याआधीची. तिची खोली बंदच आहे.

गेल्या पावसाळ्यात स्कॅनर पुन्हा रुसला म्हणून त्या दुकानात गेलो. टॅब्लेटची चळत नव्हती. किलोवर गेली होती. "एक ठेवलाय तुमच्यासाठी, काका," पोरगा म्हणाला आणि टेबलाखालून काढून दिला. पैसे घ्यायला तयार होईना. घरी आणून मी तो चार्ज केला. काही चिन्हं उमटली, मग पडदा करडा झाला आणि तसाच राहिला. सध्या तो माझ्या कपाटात आहे, अजून न लागलेल्या मोडी कागदांच्या रुमालाशेजारी.