मातीचे तबक आणि त्यामागचे हात

मातीकामाचा इतिहास सांगताना मोहेंजोदारोपासून आरंभ करण्याची आपल्याकडे रीत आहे. मी आपणांस इतक्या दूर नेणार नाही. आपल्याच मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या कलाशाळेत, विद्यार्थ्यांना नक्षीची मातीची तबके करावयास शिकविण्याचा एक प्रयोग झाला. त्याचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

सर जमशेटजी जिजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. येथील कला व उद्योग सुधारावेत, सामान्य वर्गाच्या हाताला काम लागावे, हा हेतू. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग शिक्षक म्हणून आले. इंग्लंडातील बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी त्यांनी उमेदवारीच्या वयात काम केले होते. पुढे १८७० नंतर शाळेचे अधीक्षक जॉर्ज टेरी यांनी झिलईच्या भांड्यांचे काम उभे केले. घडण सिंधच्या भांड्यांची घेतली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. नक्षी अजिंठ्याची. जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थी लेण्यांतील चित्रांच्या नकला करीत होते. तेथील आकृती आणि वेलबुट्टी तबकांवर उतरली.

हे काम असे चालते. माती मळून चाकावर चढवावयाची. तबक अर्धवट सुकले की पांढऱ्या मातीचा पातळ हात द्यावयाचा, त्यावर नक्षी रेखावयाची, झिलई चढवून भट्टीत घालावयाचे. तांब्याने हिरवा रंग येतो, कोबाल्टने गर्द निळा. यातले मळणे, चाक आणि भाजणे आपल्या कुंभाराला पिढ्यान्‌पिढ्या येतच होते. शाळेने त्यात रेखाटन आणि झिलई यांची भर घातली. ही भर मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे.

पण तबक घेणार कोण? आपल्याकडे जेवण पत्रावळीवर किंवा पितळेच्या ताटात. मातीचे भांडे एकदा उष्टे झाले की टाकून द्यावयाचे, अशी समजूत. तेव्हा शाळेचे तबक स्वयंपाकघरात शिरलेच नाही. ते साहेबाच्या दिवाणखान्यातील भिंतीवर चढले किंवा विलायतेस गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि आपल्या भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या भांड्यांचे नमुने आहेत. भिंतीची हौस म्हणजे परक्याची मर्जी. ती असेतो काम, ती फिरली की हात रिकामे.

आणि संरक्षण? हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि निदान शंभर माणसे असलेल्या कारखान्यांपुरताच होता. हाताने चाक फिरविणारा त्याच्या बाहेर. झिलईत शिसे घालण्याची रीत त्या काळी दूरवर रूढ होती, आणि शिसे हळूहळू अंगात भिनते. इंग्लंडच्या कुंभारकामात १८९० नंतरच्या दशकात त्यावर निर्बंध आले, ते कामगारांच्या आजारांचा बोभाटा झाल्यावर.

तबकाच्या पाठीवर शाळेची खूण सापडते. ते चाकावर चढविणाऱ्याचे नाव क्वचितच. टेरींचे नाव ग्रंथांत आहे, आणि ते असावेच. परंतु कला शिकविली आणि कलावंताची नोंद ठेवली नाही, तर ते शिक्षण अर्धेच राहिले असे मी म्हणेन.

आज शाळाशाळांतून मुलांना मातीची ताटल्या-तबके करावयास शिकवितात. उत्तम आहे, माती हाताला लागली की श्रमाची घृणा जाते. मात्र शिक्षकांनी दोन गोष्टी सोबत शिकवाव्यात. एक, हे तबक कोणाच्या घरी वापरले जाईल आणि त्याची किंमत कशी ठरते. दुसरी, चाक फिरविणाऱ्या शेजारच्या कुंभाराला वर्गात गुरू म्हणून बोलवावे, मानधन द्यावे, आणि मुलांनी तबकाच्या पाठीवर आपल्या नावाबरोबर त्याचेही नाव कोरावे. भट्टीतून निघालेली अक्षरे सहसा पुसत नाहीत.