विमान एक, करार दोन

मराठवाड्यात 'विलीनीकरण' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. आणि २०२१ च्या दिवाळीत नांदेड-लातूरच्या एसटी आगारांसमोर बसलेल्या चालक-वाहकांच्या तोंडीही हाच एक शब्द होता. एसटी राज्य सरकारात विलीन करा, एवढंच ते म्हणत होते.

हा लेख एसटीबद्दल नाही, विमानाच्या पायलटांबद्दल आहे. पण एसटीकडे मला शेवटी परत यावं लागेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पायलट संपावर गेले की आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. लाखांनी पगार घेतात, तरी पोट भरत नाही! मीही असं म्हटलेलं आहे. पण भारतातल्या पायलटांच्या मोठ्या संपांचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं की पगाराचा आकडा हे भांडणाचं एक टोक आहे. दुसरं टोक बहुतेक वेळा विलीनीकरणाला बांधलेलं असतं. आणि ती गोष्ट आपल्याच जुन्या राजधानीतून, हैदराबादेतून सुरू करता येते.

१९४५ साली निझाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी उभी राहिली. तळ बेगमपेठला, विमानं डकोटा. त्या काळी नांदेड हा संस्थानातला एक जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. आपल्याकडच्या सामान्य माणसानं ही विमानं पाहिली असतील तर आभाळातच. नांदेडची धावपट्टी झाली ती १९५८ मध्ये, सार्वजनिक बांधकाम खात्याकडून, आणि तोवर डेक्कन एअरवेज इतिहासजमा झाली होती. या कंपनीची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. इतर कंपन्यांनी बाई म्हणून नाकारलेल्या प्रेम माथुर यांना विमान चालवण्याची नोकरी दिली ती डेक्कन एअरवेजनं. निझामी राजवटीबद्दल बोलताना आपण एक तर आरती करतो, नाही तर शिव्या देतो. अशा बारीक नोंदी दोन्हीकडून सुटतात.

१ ऑगस्ट १९५३ ला राष्ट्रीयीकरण झालं. डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल वेगळी ठेवली. जे. आर. डी. टाटांचा राष्ट्रीयीकरणाला विरोध होता, तो त्यांनी लपवला नाही. पण त्या वादात न पडता एवढंच बघा, की आठ कंपन्यांची विमानं एका रंगात रंगवायला फार दिवस लागत नाहीत. आठ कंपन्यांच्या पायलटांना एका यादीत बसवणं ही वेगळी गोष्ट आहे. एकाला अमुक कंपनीत कॅप्टन होऊन पाच वर्षं झालेली, दुसऱ्याला दुसरीकडे तीन, पण उड्डाणाचे तास त्याचे जास्त. यादीत वर कोण?

हा प्रश्न आपल्याकडच्या लोकांना तीनच वर्षांनी सोसावा लागला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे मराठवाड्यातले कर्मचारी मुंबई राज्यात गेले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११५ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्या आधीच्या सेवाशर्ती केंद्राच्या परवानगीशिवाय त्यांच्या तोट्यात बदलता येणार नाहीत. कागदावर उत्तम. पण सेवाज्येष्ठतेची यादी लागली की आपलं नाव शोधत बोट खाली खाली जायचं, असं आमच्या मोहल्ल्यातले एक जुने कारकून सांगत. उर्दूत फायली लिहिण्यात उमर गेलेली, मराठी टिपणी नव्यानं शिकायची, आणि पुण्याकडचा नंतर लागलेला माणूस वर. पगार घटला नव्हता हे ते स्वतःच कबूल करत. राग यादीचा होता.

पायलटच्या बाबतीत ही यादी आणखी जड असते. कारकुनाची बढती लांबली तरी खुर्ची बदलत नाही फारशी. विमानात डावी खुर्ची कमांडरची, उजवी सहवैमानिकाची. डावीकडे कधी जायचं, कोणत्या जातीचं विमान चालवायचं, मोठ्या विमानाचं प्रशिक्षण आधी कुणाला, हे सगळं ज्येष्ठतेवर चालतं. शिवाय पगाराचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांशी बांधलेल्या भत्त्यांचा. म्हणजे यादीतली जागा, विमान आणि तास, तिन्ही मिळून महिन्याची मिळकत ठरते. करारात तास मोजण्याची रीत बदलली की मूळ पगाराला हात न लावताही मिळकत कमी करता येते.

इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांची संघटना म्हणजे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, आयसीपीए. एअर इंडियाच्या पायलटांची इंडियन पायलट्स गिल्ड. दोन कंपन्या, दोन संघटना, दोन करार. १९९२ च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनी काम थांबवलं आणि ते दीड महिना चाललं. तो डिसेंबर आणि तो जानेवारी कसा होता हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायची गरज नाही. विमानं बंद असण्याकडे आमच्या घरात कुणाचं लक्षही नव्हतं, मुंबईतल्या नातेवाइकांची खुशाली कळणं एवढंच महत्त्वाचं होतं. त्याच काळात खाजगी कंपन्या आभाळात उतरल्या होत्या. केरळच्या तकियुद्दीन वाहिद यांची ईस्ट वेस्ट एअरलाइन्स १९९२ मध्येच सुरू झाली होती. सरकारी पायलटला पहिल्यांदा दुसरीकडचा भाव दिसू लागला होता.

संप मोडायला सरकारनं उझबेकिस्तानहून कर्मचाऱ्यांसकट टुपोलेव विमानं भाड्यानं आणली. त्यातलं एक ९ जानेवारी १९९३ ला हैदराबादहून दिल्लीला गेलं. दिल्लीत धुकं होतं. उतरताना विमान धावपट्टीच्या बाजूला गेलं, उलटलं आणि पेटलं. आत १६५ माणसं होती. सगळी वाचली. मंत्री माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. संपकऱ्यांना पर्याय मिळतो, पण पर्याय कसा मिळतो ते त्या दिवशी देशानं पाहिलं. अर्थात प्रवाशांना दीड महिना वेठीला धरणाऱ्यांचाही यातला वाटा पुसता येणार नाही.

मग आलं २००७. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचं विलीनीकरण सरकारनं केलं. पायलटांनी ते मागितलं नव्हतं. नाव एक झालं, चिन्ह एक झालं, तोटा तर लगेच एक झाला. करार दोनच राहिले. एकाच कंपनीच्या एकाच गणवेशातल्या दोन कमांडरांना तासांचा हिशेब वेगळा, भत्ते वेगळे, बढतीची वाट वेगळी. चार वर्षं हे तसंच चाललं.

एप्रिल २०११ च्या शेवटी आयसीपीएनं संप केला. जुन्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांची मागणी होती समान वेतनाची, आणि त्यासोबत कंपनीच्या गैरकारभाराची सीबीआय चौकशी करा अशीही. ही दुसरी मागणी बातम्यांत मागे पडली. वास्तविक कामगारानं मालकाचा हिशेब मागावा ही त्या संपातली सर्वात वेगळी गोष्ट होती. व्यवस्थापनानं संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना बडतर्फ केलं, दिल्ली उच्च न्यायालयानं कामावर जा म्हटलं. दहा दिवसांनी संप मिटला आणि निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती बसली. दोन कंपन्यांच्या माणसांना एका यादीत कसं बसवायचं हे ठरवायला. विलीनीकरणानंतर चार वर्षांनी!

समितीचा अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला आणि मे महिन्यात संप झाला तो उलट्या बाजूचा. आता गिल्डचे, म्हणजे जुन्या एअर इंडियाचे पायलट आजारी पडले. कारण होतं ड्रीमलायनर. ही नवी विमानं एअर इंडियानं आपल्यासाठी मागवली होती, त्यांचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सवाल्यांना का, त्यामुळे आमची कमांडर होण्याची पाळी मागे जाते, असं त्यांचं म्हणणं. ५८ दिवस हे चाललं. शंभराच्या आसपास पायलट बडतर्फ झाले, त्यांच्याही संघटनेची मान्यता गेली, आणि जुलैच्या सुरुवातीला पुन्हा दिल्ली उच्च न्यायालयातूनच शेवट झाला.

दोन वर्षांत दोन संप, एका कंपनीतले, एकमेकांविरुद्ध. माझ्या मते यात व्यवस्थापनाची चूक मोठी आहे, कारण यादी आधी आणि रंगरंगोटी नंतर हा क्रम त्यांच्या हातात होता. पण संघटनाही निर्दोष नाहीत. दोघींनी एकत्र बसून एक मसुदा मांडला असता तर सरकारला पळवाट राहिली नसती. त्याऐवजी प्रत्येकीनं आपल्या जुन्या कराराची राखण केली. बेमुदत संप कायदेशीर करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून सामूहिक आजारपण. हा आजार जुनाच आहे. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजचे पायलटही असेच पाच दिवस आजारी होते, आणि त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी संघटना काढली होती. संघटना काढणाऱ्या दोघांना कंपनीनं घरी पाठवलं होतं.

संघटनाच नसली तर काय होतं, हे नांदेडनं जवळून पाहिलं. २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त आपला विमानतळ नव्यानं झाला आणि किंगफिशरची विमानं येऊ लागली. दुसऱ्याच वर्षी नांदेड आणि लातूरचे विमानतळ रिलायन्सकडे दीर्घ भाडेपट्ट्यानं गेले. तेव्हा आपण विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला यावर भांडत होतो, त्यामुळे भाडेपट्ट्याकडे फार लोकांनी बघितलं नाही. किंगफिशरनं एअर डेक्कन गिळली होती, तेही विलीनीकरणच. २०१२ मध्ये, एअर इंडियाचे पायलट ज्येष्ठतेसाठी भांडत होते त्याच वर्षी, किंगफिशरचे पायलट आणि इंजिनियर कित्येक महिन्यांच्या थकलेल्या पगारासाठी थांबले होते. ऑक्टोबरात कंपनीचा परवाना निलंबित झाला. त्यांच्यासाठी कुठली समिती बसली नाही. नांदेडला पुढे २७ एप्रिल २०१७ ला 'उडान'मधून ट्रूजेटचं हैदराबादचं विमान मिळालं, तेही २०२२ च्या सुरुवातीला थांबलं. लातूरला तर नियमित प्रवासी सेवा टिकलीच नाही.

आता एसटी. २०२१-२२ च्या संपात मान्यताप्राप्त संघटनेनं केलेल्या करारांवर चालक-वाहकांचा विश्वास उरला नव्हता. ते संघटना सोडून मूळचे नांदेडचेच असलेले वकील गुणरत्न सदावर्ते यांच्यामागे गेले. पायलट ज्या विलीनीकरणाला भीत होते, तेच एसटीवाले मागत होते. विसंगती वाटते, पण मला तरी ती दिसत नाही. सरकारी नोकराचा करार मिळावा ही एसटीवाल्याची इच्छा, हातातला करार जाऊ नये ही पायलटची. दोघांनाही ठाऊक होतं की पगार नावावर नाही, करारावर ठरतो. सरकारी समितीनं विलीनीकरण नाकारलं. मुंबई उच्च न्यायालयानं ७ एप्रिल २०२२ ला कामावर परतायला सांगितलं, २२ तारखेपर्यंत. मधल्या काळात जीव दिलेल्या कर्मचाऱ्यांच्या घरी काय परतलं?

त्याच वर्षी २७ जानेवारीला एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली होती. एप्रिल २०२३ मध्ये नवा पगार करार आला. आयसीपीए आणि गिल्ड, ज्या दहा वर्षांपूर्वी एकमेकींविरुद्ध होत्या, त्या या वेळी एका बाजूला उभ्या राहिल्या. १५०० हून अधिक पायलटांनी रतन टाटांना अर्ज केला. त्यांचा एक आक्षेप फार बोलका होता. जुन्या कमांडरांना 'सीनियर कमांडर' करून व्यवस्थापनात घ्यायचं असं नव्या करारात होतं. बढतीच ती. पण व्यवस्थापनात गेला की माणूस कायद्यानं कामगार राहत नाही, आणि कामगार नाही तर संघटनेत नाही.

पुढच्या वर्षी विस्ताराची पाळी आली. एअर इंडियात विलीन होण्याआधी तिच्या पायलटांपुढे नवा करार ठेवला. हमीचा पगार आधी महिन्याच्या ७० तासांचा होता, तो ४० तासांचा झाला. मार्च संपता संपता पायलट आजारी पडू लागले आणि एप्रिलच्या सुरुवातीला विमानं रद्द होऊ लागली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा हे नाव संपलं. विमानं रंगवायचं काम त्याच सुमारास सुरू झालं होतं, ज्येष्ठतेची कुरबुरही.