पंधरा वर्षांची गादी

आमच्या आजोबांना घरातल्या घटनांचे सन कधी आठवत नसत, रणजीचे सामने मात्र आठवत. आत्याचं लग्न म्हणे मुंबईनं अंतिम सामन्यात राजस्थानला हरवलं त्या साली झालं. आता १९६०-६१ पासून ओळीनं चार वर्षं मुंबईनं राजस्थानलाच हरवलं होतं, त्यामुळे आत्याच्या लग्नाचं साल कायम मागंपुढं! १९५८-५९ ते १९७२-७३, सलग पंधरा वर्षं करंडक मुंबईकडेच. आम्हा पोरांना वाटे, तो कायद्यानंच इथं राहतो.

धाकटे काका शिकायला बॉस्टनला गेले, तेव्हा त्यांच्या निळ्या एरोग्रामांतून घरात बास्केटबॉल आला. बॉस्टन सेल्टिक्सनं १९५९ ते १९६६ सलग आठ विजेतेपदं मिळवलेली. बिल रसेल १३ हंगामांत ११ वेळा विजेता, त्यातल्या शेवटच्या दोन वेळा तर खेळाडू आणि प्रशिक्षकही तोच. आजोबांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "आठच?"

तो वाद पुढं कित्येक पत्रं चालला. काका लिहीत, "अण्णा, रसेलसारखा माणूस दाखवा." आजोबांचं उत्तर आलं ते १९७०-७१ च्या मोसमात. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर वेस्ट इंडीजमध्ये, आणि सुधीर नाईकच्या नेतृत्वाखाली उरलेली मुंबई अंतिम सामन्यात महाराष्ट्रासमोर. आजी माहेरची पुण्याची. तिनं थालीपीठं, लसणाची चटणी डब्यात भरून दिली, पण "आमची पोरं जिंकू देत" असं बजावूनच. आजोबांनी कचेरीला दांडी मारली की रजा टाकली, याबद्दल घरात दोन मतं आहेत. जिंकली मुंबई. आजीनं त्या रात्री आमटीत मीठ घातलं नाही, असं आई सांगते. आजीला ते शेवटपर्यंत मान्य नव्हतं.

तिकडे १९६९ चं विजेतेपद मिळवून रसेल निवृत्त झाला आणि पुढच्याच हंगामात सेल्टिक्स बाद फेरीतही पोचले नाहीत. काकांनी हे प्रामाणिकपणे कळवलं होतं. आजोबांनी ते पत्र जपून ठेवलं.

आजोबांच्या मते मुंबईचं बळ कांगा लीगमध्ये होतं. भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, चेंडू वाटेल तसा उसळत असताना जो टिकला तो कुठंही टिके. आणि असे टिकलेले गडी दादर-माटुंग्यात रांग लावून उभे असत. त्यांचा लाडका पद्माकर शिवलकर. १९७३ च्या चेपॉकवरच्या अंतिम सामन्यात त्यानं तमिळनाडूचे १३ गडी टिपले, तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. तोच पंधरावा करंडक. शिवलकरला भारताकडून एकही कसोटी मिळाली नाही, आणि ते सांगताना आजोबांचा आवाज चढे.

पुढच्या मोसमात कर्नाटकनं मुंबईला उपांत्य फेरीत हरवलं आणि सेल्टिक्ससारखी मुंबईचीही गादी गेली. रसेल थोर होताच, हे आजोबांनीही कबूल केलं होतं. पण एका थोर माणसानं चालवलेली गादी आणि शिवलकरसारख्यांनी वर्षानुवर्षं उचलून धरलेली गादी, यांत मला अजून दुसरीच मोठी वाटते.