फोन आपला, कुलूप कंपनीचे

सेवाग्रामला बापूंच्या दफ्तरात एक जुना टेलिफोन जपून ठेवलेला आहे. गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी तो बसवून घेतला होता. शाळेची सहल तिथे नेली तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, याच्यात सिम कुठं टाकत होते?" सगळी मुले हसली. पण मला त्या प्रश्नावरून आमच्या अब्बांचा पहिला मोबाइल आठवला. त्यातही सिम टाकायला जागा नव्हती.

तारेचा फोन भिंतीला बांधलेला असे. मोबाइल आला, तार गेली. बांधणे मात्र गेले नाही. त्याचे रूप बदलले.

सिमकार्डाची मूळ कल्पना खरे तर मोकळीक देणारी होती. युरोपात जीएसएम पद्धत आली तेव्हा ग्राहकाची ओळख यंत्रातून काढून एका कार्डात ठेवली गेली. १९९१ मध्ये जर्मनीच्या गीझेके अँड डेव्हरिएंट कंपनीने अशी पहिली कार्डे फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीला दिली. कार्ड या फोनमधून काढून त्या फोनमध्ये घाला, तुमचा नंबर तुमच्याबरोबर येतो. पण तिकडच्या कंपन्या करार करून फोन स्वस्तात देऊ लागल्या. स्वस्त फोन घेऊन ग्राहक दुसरीकडे गेला तर? म्हणून फोनलाच कुलूप लागले.

हे कुलूप चालते कसे? प्रत्येक सिममध्ये साधारण १५ आकडी ओळख क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात, भारतासाठी ४०४ किंवा ४०५. पुढचे आकडे कंपनी सांगतात. कुलूपबंद फोन सुरू होताच हे आकडे वाचतो. ते ठरलेल्या कंपनीचे नसले, तर नेटवर्क न पकडता कोड मागतो. हा कोड कंपनीकडे असतो. चुकीचा कोड पुन्हा पुन्हा टाकला, तर बऱ्याच फोनमध्ये ती वाटही बंद होते.

आपल्याकडे ३१ जुलै १९९५ ला मोबाइल सेवा सुरू झाली तेव्हा हा प्रकार फारसा आला नाही. फोन दुकानातून घ्यायचा, सिम कंपनीकडून, अशीच रीत पडली. फोन आणि बोलणे दोन्ही महाग, त्यामुळे गरिबाचा त्यात प्रश्नच नव्हता. मग डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉमने सीडीएमए पद्धतीची सेवा आणली आणि २००३ च्या पावसाळ्यात 'मान्सून हंगामा' नावाची योजना काढली. आधी ५०१ रुपये भरा, फोन घरी न्या, बाकीचे महिन्याच्या बिलातून द्या. टाटा आणि बीएसएनएल यांचेही सीडीएमए फोन होते. यातल्या बहुतेक फोनमध्ये कार्डच नसे; नंबर आणि ओळख थेट यंत्रात भरलेली. सीडीएमएमध्ये कार्ड घालता येत नव्हते असे नाही. चीनमध्ये त्याच काळात तसे फोन चालत होते. इथे मात्र कार्ड वगळले गेले आणि फोन व कंपनी एकजीव झाले.

अब्बांनी असाच एक फोन घेतला. कोणत्या कंपनीचा, ते महत्त्वाचे नाही. ईदच्या चाँदची खबर त्याच फोनवर नागपूरहून येई आणि सगळा मोहल्ला आमच्या दारात उभा राहत असे. पुढे आम्ही गावाकडे राहायला गेलो. तिथे त्या कंपनीची रेंज नव्हती. अब्बा फोन घेऊन वर्ध्याला बजाज चौकात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "दुसरं कार्ड टाकून दे." त्याने फोन उघडून दाखवला. "चाचा, टाकू कुठं?"

घरच्या उर्दूत आम्ही दोन वेगळे शब्द वापरतो: कब्जा आणि मिल्कियत. वस्तू हातात असणे म्हणजे कब्जा. तिचे काय करायचे हे आपण ठरवणे म्हणजे मिल्कियत. अब्बांनी पूर्ण पैसे फेडले, पण त्यांच्या हाती कब्जाच आला.

एक कुलूप सरकारने काढले. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. तोवर नंबर जाईल या भीतीने माणूस नको असलेल्या कंपनीतही पडून राहत असे. पण नंबर सुटला तरी बिनसिमचे यंत्र सुटले नाही. २०१७ च्या शेवटी रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइलची व्हॉइस सेवा बंद केली. टाटांनीही आपला मोबाइल व्यवसाय एअरटेलला देत असल्याचे त्याच वर्षी जाहीर केले. दुसरी कंपनी धरता येत नाही अशा यंत्राचा जीव नेटवर्कएवढाच असतो.

त्याच वर्षी १५०० रुपयांच्या अनामतीवर जिओफोन आला, २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा जिओ भारत. दोन्ही एकाच नेटवर्कचे. यात फक्त फसवणूकच आहे असे मी म्हणणार नाही. मजुराच्या हातात इंटरनेट अशाच फोनांनी पोचवले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण ज्याच्याकडे पैसे आहेत तो मोकळा फोन घेतो. कुलूप गरिबाच्याच वाट्याला येते. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना कुलूपबंद फोन विकायला मनाई केली. आपल्याकडेही एवढी अट तरी असावी की पैसे फिटले की कंपनीने न मागता कुलूप काढावे.

अब्बांचा फोन अजून अम्मीच्या पेटीत आहे. चार्ज केला की सुरू होतो. कार्ड नसल्यामुळे सगळे नंबर यंत्रातच राहिले आहेत. गेल्या ईदला मी ते वाचत बसलो होतो. त्यातली कितीतरी माणसे आता नाहीत. जी आहेत, त्यांना मी माझ्या फोनवरून ईद मुबारक म्हटले.